धुतलेला गिअरबॉक्स

“तांबेसाहेब, तुम्ही माझी गाडी बघितलीत का?”

फोनवर बाई मराठीत बोलत होती आणि प्रश्न सरळ होता. मी दिल्लीत, मयूर विहारच्या घरी जेवायला बसलो होतो. एका हातात घास, दुसऱ्या हातात फोन. मी म्हटलं, कोणती गाडी? तिनं क्लेम नंबर सांगितला, गाडीचा नंबर सांगितला, आणि माझ्या सहीनं गेलेल्या रिजेक्शन लेटरमधली ओळ वाचून दाखवली. ‘अयोग्य ड्रायव्हिंग हॅबिटमुळे बिघाड. क्लेम नामंजूर.’

खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. मी फोटो बघितले होते.

आधी माझं काम काय ते सांगतो. नवी गाडी घेतली की कंपनी दोन-तीन वर्षांची वॉरंटी देते. ती संपल्यावर पुढच्या वर्षांसाठी पैसे भरून जी घेतात ती एक्स्टेंडेड वॉरंटी. इंजिन, गिअरबॉक्स असलं महागाचं काही बिघडलं तर खर्च वॉरंटीवाले देतात. जे वापरानं झिजतंच, म्हणजे टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, ते मात्र यात येत नाही. गाडी डीलरच्या वर्कशॉपमध्ये जाते, वर्कशॉपवाले फोटो आणि रिपोर्ट अपलोड करतात, आणि पास की नापास हे माझ्यासारखा एक इन्स्पेक्टर ठरवतो. पंचवीस वर्षं मी गाड्यांच्या खालीच काढली. आधी पाना घेऊन, आता पेन घेऊन. मोठा क्लेम असला की जाऊन बघायचं, लहान-मध्यम असला की फोटोवर भागवायचं, असा रिवाज. दिवसाला वीस फाइली निघतात. ऑफिस खूष असतं.

बाईंचं नाव रेश्मा मुजावर. मूळ मिरजेच्या. एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, राहायला लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. लेटरखाली माझं आडनाव बघून त्यांनी नंबर मिळवला होता. “म्हटलं, मराठीत भांडता तरी येईल,” त्या म्हणाल्या.

मी जरा ताठरलो. इन्स्पेक्टरनं ग्राहकाशी परस्पर बोलू नये असा आमच्याकडे संकेत आहे, आणि तो बरा संकेत आहे. मी म्हटलं, मॅडम, कस्टमर केअरला मेल करा. त्या म्हणाल्या, तीन केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, की इन्स्पेक्टरचा निर्णय अंतिम आहे. “आता अंतिम माणसाशीच बोलतेय.”

माझं जेवण थांबलं. मी लॅपटॉप उघडला आणि फाइल काढली.

गाडी AMT होती. म्हणजे आत गिअरबॉक्स साधाच, नेहमीचा मॅन्युअल. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे माणसाऐवजी एक छोटं यंत्र करतं. त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात, आणि ते तेलाच्या दाबावर चालतं. तेल गळलं की दाब जातो, क्लच अर्धवट दाबला जातो, घासतो, जळका वास येतो, आणि एक वेळ अशी येते की गिअर पडतच नाही. दुसरीकडे, ड्रायव्हर चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरत असेल तरी क्लच जळतो आणि असाच वास येतो. पहिल्यात दोष यंत्राचा, वॉरंटी लागू. दुसऱ्यात दोष चालवणाऱ्याचा, वॉरंटी लागू नाही. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, एवढं शोधायचं असतं.

वर्कशॉपच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी होत्या. क्लचला जळका वास. गिअरबॉक्सला कुठेही गळती नाही. आणि तिसरी, ‘ग्राहक हँड लिव्हरने गाडी चालवतो.’ सोबत स्टिअरिंगखालच्या त्या लिव्हरचा फोटो.

हँड लिव्हर म्हणजे ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी बसवलेला दांडा. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की अ‍ॅक्सिलरेटर. मुजावरबाईंना लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर, चालायला कुबड्या. लिव्हर आरटीओच्या परवानगीनं बसवलेला, आरसी बुकात नोंद असलेला. हे सगळं फाइलमध्ये जोडलेलं होतं. सरकारी माणसाची फाइल, एक कागद कमी असेल तर शपथ.

आणि मी काय केलं होतं? दांड्याचा फोटो बघितला, गळती नाही हे वाचलं, आणि मनाशी म्हटलं, अच्छा, हातानं चालवतात, चढावर जमत नसणार, क्लच जाळला. ‘ड्रायव्हिंग हॅबिट’वर टिक. पुढची फाइल. चार मिनिटं लागली असतील.

मी फोनवर विचारलं, तुम्ही चढावर गाडी कशी धरता?

“ब्रेकवर धरते. माझ्यासारखी माणसं ब्रेक सोडायलाच घाबरतात, साहेब. हे तुम्ही आधी विचारायला हवं होतं.”

मी गाडी कुठे बंद पडली ते विचारलं. पानिपतच्या जवळ, हायवेवर. मैत्रिणीसोबत चादरी आणायला गेल्या होत्या, येताना गिअर पडेना. “मराठी माणसाचं पानिपतावर काहीतरी अडतंच,” असं म्हणून त्या हसल्या. मग आवाज बदलला. म्हणाल्या, “खर्चाचं सोडा, लोन काढीन. पण माझं ड्रायव्हिंग खराब आहे असं तुम्ही न बघता लिहून दिलंत. मी लायसन्स घेतलं तेव्हा घरात कुणी बोलत नव्हतं माझ्याशी. भाऊ म्हणाला होता, एक दिवस आपटशील तेव्हा कळेल. आता गाडी अकरा दिवस वर्कशॉपमध्ये आहे. रोज कॅब बोलावते. कुबड्या बघून निम्मे जण गेटवरूनच गाडी वळवतात. परवा भावाचा फोन आला. म्हणाला, कंपनीनंच लिहून दिलंय ना, विकून टाक गाडी. मला रडू आलं हो.”

मी कबूल करतो, मला लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलेली असू शकते, असं पहिल्यांदा वाटलं. पण लाज वाटली म्हणून क्लेम पास करता येत नाही. बाईंचं म्हणणं खरं असेलच असंही नव्हतं. चुकीचं चालवणारा माणूस मी चुकीचं चालवतो असं कधी सांगत नाही, हे मी पंचवीस वर्षं बघत आलोय.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. पानिपतला हायवेच्या कडेला सतबीर नावाचा एक मेकॅनिक आहे, स्वतःचं छोटं गॅरेज. मैत्रिणीनं त्याला बोलावून आणलं. तो गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, मॅडम, वॉरंटी में है तो मैं हाथ नहीं लगाऊँगा, शोरूमवाले सारा ठीकरा मेरे सिर फोड़ेंगे. चलाओ मत, टो करवा लो. आणि त्यांचाच फोन मागून घेऊन त्यानं गाडीखालचा एक व्हिडिओ काढून ठेवला होता.

“तो व्हिडिओ वर्कशॉपला दिलात?”

“दाखवला. ते म्हणाले, बाहरवाले का कुछ नहीं चलेगा.”

व्हिडिओ माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. चाळीस सेकंदांचा, हलणारा, मागे ट्रकचे हॉर्न. पण टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसत होतं. गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला तेल ओघळलेलं, त्यावर धुळीचा काळा थर, आणि टोकाला एक ताजा थेंब लोंबतोय. सतबीरचा आवाज, “देखो जी, यहाँ से टपक रहा है.”

मी वर्कशॉपचे फोटो पुन्हा उघडले. तोच गिअरबॉक्स, तोच कोन. लखलखीत. ताट घासून ठेवावं तसा.

कपाळावर हात मारला मी. हरियाणातून टो होऊन आलेली गाडी. खाली चिखल हवा, धूळ हवी, गवताची काडी हवी. इतका स्वच्छ गिअरबॉक्स शोरूममधल्या नव्या गाडीलाही नसतो. आणि पंचवीस वर्षांच्या अनुभवी इन्स्पेक्टरला त्यात काहीच खटकलं नाही.

काय झालं असणार ते मला लगेच कळलं, कारण मी वर्कशॉपमध्ये काम केलंय. आपल्याकडच्या वर्कशॉपात गाडी आली की आधी वॉशिंगला जाते. ग्राहकाला धुतलेली गाडी आवडते, मेकॅनिकलाही हात घाण करायला आवडत नाही. वरून फोम, खालून प्रेशरचं पाणी. मग लिफ्टवर घेतात. मग फोटो. त्यात कुणाचा डाव नसतो. पण तेल कुठून गळलं त्याचा माग पाण्याबरोबर गटारात जातो, आणि रिपोर्ट लिहिणारा अ‍ॅडव्हायझर प्रामाणिकपणे लिहितो, गळती नाही.

सकाळी बॉसना फोन केला. नंदा मॅडम, गुडगावच्या ऑफिसात बसतात, स्वभावानं सरळ पण घाईच्या. मी म्हटलं, एक बंद फाइल उघडायचीय, माझी चूक झालीय बहुतेक. त्या म्हणाल्या, बहुतेक म्हणजे किती? मी म्हटलं, गिअरबॉक्स खोलल्यावर सांगतो. ग्राहक माझ्याच भागाकडची आहे, तेही सांगून टाकलं. नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. मग म्हणाल्या, प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा, आणि क्लच जळलेला निघाला तर पुन्हा तसंच लिहा. मी म्हटलं, बिल्कुल.

वर्कशॉप ओखल्याला. मेट्रोनं गेलो. सर्व्हिस मॅनेजर भाटिया, माझ्या जुन्या ओळखीचा, पोट सुटलेला आणि कायम घाईत. मला बघून त्यानं आधी चहा मागवला, मग काय काम ते विचारलं. मी काम सांगितल्यावर चहा त्यानं एकट्यानंच प्यायला.

म्हणाला, सर, आपने ही रिजेक्ट किया था. मी म्हटलं, म्हणूनच आलोय. म्हणाला, हँड लिव्हर तो मॉडिफिकेशन है, वॉरंटी वैसे भी ख़त्म. मी म्हटलं, पॉलिसी काढ. त्यात लिहिलंय, बदल केल्यामुळे जो बिघाड झाला तो कव्हर होत नाही. बदल केलेली गाडीच कव्हर होत नाही असं कुठंही लिहिलेलं नाही. लिव्हर जोडलाय ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला. अ‍ॅक्च्युएटरशी त्याचा संबंध काय? भाटियानं पॉलिसी काढली नाही. पण आवाज खाली आणून एक प्रश्न मात्र विचारला.

“मैडम आपकी तरफ़ की हैं क्या?”

“हाँ, मिरज की हैं. गिअरबॉक्स कहाँ का है, वो खोल के देखते हैं.”

गिअरबॉक्स खोलण्याआधी ग्राहकाची सही लागते. त्या फॉर्मवर लिहिलेलं असतं, की खोलल्यावर क्लेम नामंजूर झाला तर खोलण्या-जोडण्याचा खर्च ग्राहकाचा. इथेच बहुतेक लोक माघार घेतात. मुजावरबाई हाफ डे टाकून कॅबनं आल्या. वर्कशॉपच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, रॅम्प नाही. त्या एकेक पायरी चढत आल्या आणि कुणी हात धरायला गेलं की मानेनंच नको म्हणत होत्या. पंचेचाळिशीच्या, कडक इस्त्रीचा कुर्ता, खांद्याला फाइलींची पिशवी.

मी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं. व्हिडिओ एकटा पुरणार नाही, बाहेरून तेल दिसणं वेगळं आणि बिघाड सिद्ध होणं वेगळं. आणि आत क्लच जळलेला निघाला तर मीच पुन्हा रिजेक्ट करणार, तुमच्यावर जास्तीचा खर्च पडणार.

“चालेल. तसं निघालं तर तसं लिहा,” त्या म्हणाल्या. “पण आता बघून लिहा.”

त्यांनी फॉर्मवर सही केली आणि सवयीप्रमाणे त्याची झेरॉक्स मागितली.

गिअरबॉक्स उतरवायला अडीच तास गेले. मी सगळा वेळ लिफ्टखाली उभा होतो. गुडघे बोलायला लागले. बाईंना लाउंजमध्ये एसीत बसा म्हटलं तर त्या वर्कशॉपच्या फ्लोअरवरच खुर्ची मागवून बसल्या, पिवळ्या रेषेच्या बाहेर. भाटिया दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मेकॅनिकनं गिअरबॉक्स खाली घेतला होता.

क्लचभोवती एक घंटेसारखं बंद कवच असतं. प्रेशरचं पाणी बाहेरून कितीही मारा, त्याच्या आतलं काही धुतलं जात नाही. मी टॉर्च मारला. आत तळाशी काळं, चिकट तेल बोटभर साठलं होतं. अ‍ॅक्च्युएटरचा जो भाग क्लच दाबतो त्याचं रबरी सील एका बाजूनं फाटलेलं. ते आजचं फाटलेलं नव्हतं. तेल महिना-दोन महिने झिरपत आणि कवचाच्या फटीतून बाहेर ओघळत असणार.

आता क्लच प्लेट. मी ती स्वतः पुसली आणि व्हर्नियर पट्टीनं तिची जाडी मोजली. चालकानं जाळलेली प्लेट सगळीकडून सारखी झिजते, लोखंडावर निळे डाग येतात. ही प्लेट जवळजवळ नव्यासारखी जाड होती. फक्त एका कडेला, जिथं तेल लागून ती घसरत होती, तिथं काळपट चकाकी होती. जळका वास त्याचाच. मी दुसऱ्यांदा मोजली. मेकॅनिकला मोजायला लावली. मग भाटियाच्या हातात व्हर्नियर दिला. त्यानं मोजलं आणि व्हर्नियर परत दिला.

“सील गया है,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, “क्लच तो मैडम ने बहुत बढ़िया रखा है.”

हे त्यानं मला हळूच सांगितलं होतं. मी म्हटलं, इकडे नको, तिकडे सांग. भाटिया माणूस वाईट नाही. पिवळी रेषा ओलांडून गेला आणि खुर्चीसमोर उभं राहून तेच वाक्य पुन्हा बोलला. मुजावरबाईंनी मान हलवली. पिशवीतून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

अ‍ॅक्च्युएटर वॉरंटीत पास झाला. खोलण्या-जोडण्याची मजुरीही. तेलानं खराब झालेली क्लच प्लेट वादाची होती, कारण प्लेट कव्हर होत नाही. पण ती वापरानं झिजली नव्हती, वॉरंटीतल्या अ‍ॅक्च्युएटरच्या गळतीनं गेली होती. मी तसं लिहिलं, नंदा मॅडमनी दोन प्रश्न विचारले आणि तीही पास केली.

अडचण वेगळीच आली. सिस्टिममध्ये जुना शेरा पुसता येत नाही. ‘ड्रायव्हिंग हॅबिट’ ती ओळ गाडीच्या हिस्टरीत राहतेच, खाली नवा शेरा जोडला जातो. हे सांगितल्यावर मुजावरबाईंनी पैसे मंजूर झाल्याचं ऐकून जेवढा आनंद दाखवला नव्हता तेवढा राग दाखवला. म्हणाल्या, मग पास होऊन काय उपयोग? खोटी ओळ वर आणि खरी खाली? रास्त होतं. म्हणून मी ऑफिसच्या लेटरहेडवर वेगळं पत्र लिहिलं. पहिला निर्णय गाडी न पाहता घेतला होता. तो चूक होता. गाडी खोलून तपासली असता चालकाच्या ड्रायव्हिंगमध्ये कोणताही दोष आढळला नाही. खाली सही. नंदा मॅडम म्हणाल्या, इतकं लिहायची गरज आहे का? मी म्हटलं, आहे. नोकरीत असं पत्र मी पहिल्यांदाच लिहिलं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग त्याचा फोटो काढून तिथेच कुणाला तरी पाठवला. “भावाला,” त्या म्हणाल्या. “आता बघू काय बोलतो.”

पाच दिवसांनी नवा अ‍ॅक्च्युएटर बसला. डिलिव्हरीला मी मुद्दाम गेलो. ओखल्याच्या त्या वर्कशॉपमधून बाहेर पडायला एक चढ आहे, वर मेन रोड, तिथं कायम ट्रॅफिक. गाडी चढावर थांबवूनच ठेवावी लागते. आमच्या ड्रायव्हरला वर आणून द्यायला सांगतो, असं भाटिया म्हणाला. बाई म्हणाल्या, राहू द्या. कुबड्या मागच्या सीटवर टाकल्या, कॅलिपरचे लॉक उघडून पाय आत घेतले, आणि गाडी चढावर नेली. समोरून टेम्पो आडवा आला. गाडी थांबली. दोन मिनिटं तशीच उभी होती, इंचभरही मागे आली नाही, इंजिनाचा आवाज चढला नाही. फक्त मागचे लाल दिवे लागलेले. ब्रेकवर. टेम्पो गेला, गाडी गेली.

आता माझ्या फाइलींचा वेग दिवसाला बारावर आलाय. वर्कशॉपकडून धुण्याआधीचे फोटो मागतो, आणि नामंजूर करायच्या आधी ग्राहकाला एक फोन करतो. तुम्हालाही सांगून ठेवतो, गाडी वर्कशॉपला द्याल तेव्हा जॉब कार्डवर लिहून घ्या, की आधी तपासा, मग धुवा.

बाकी माझ्या धंद्यातलं एक गुपित आहे. बिघाडाला कुणाचा तरी दोष दाखवावाच लागतो. भागाचा दाखवला की कंपनी जाब विचारते. वर्कशॉपचा दाखवला की भाटिया भांडायला येतो. चालकाचा दाखवला की सहसा कुणीच येत नाही, म्हणून ती टिक हाताला सगळ्यात सोपी जाते. मुजावरबाई भांडायला आल्या. जे आले नाहीत त्यांच्या फाइली माझ्याच सहीनं बंद आहेत, आणि त्यांच्या गाड्या आता कुठे असतील ते मला माहीत नाही.